उत्तराची वाट पाहणारी कला

वॉर्साच्या ऐन मध्यावर, दोन मोठे रस्ते जिथे एकमेकांना छेदतात, तिथे खजुराचं एक झाड उभं आहे. उंची सुमारे १५ मीटर. हिवाळ्यात तिथला पारा शून्याखाली जातो, ट्रामच्या तारांवर हिम साचतं, शहरातली बाकीची झाडं उघडीबोडकी होतात, तरी हे झाड हिरवंगार राहतं. त्याच्या आत पोलादी खांब आहे आणि वर प्लास्टिकची पानं आहेत. योआन्ना रायकोव्स्का या कलावतीने १२ डिसेंबर २००२ रोजी ते चौकाच्या गोल बेटावर उभं केलं, ते आजतागायत तिथेच आहे.

या चौकाला लागूनच फिकट दगडाची एक अवाढव्य इमारत आहे. पोलंडच्या कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीचं ते पूर्वीचं मुख्यालय. देशात काय पिकवायचं, काय छापायचं, कुणी बोलायचं आणि कुणी गप्प बसायचं, हे तिथे ठरायचं. जानेवारी १९९० मध्ये पक्षाने स्वतःला विसर्जित केलं आणि १६ एप्रिल १९९१ रोजी त्याच इमारतीत वॉर्साचा शेअर बाजार सुरू झाला. पहिल्या दिवशी पाच कंपन्यांच्या शेअर्सचे व्यवहार झाले. एका देशाचं आयुष्य किती झपाट्याने पालटलं, याचं याहून बोलकं उदाहरण मला ठाऊक नाही.

पण खजूर का? चौकातून जाणाऱ्या रस्त्याचं नाव आहे जेरुसलेम ॲव्हेन्यू. १७७४ मध्ये वॉर्साच्या वेशीबाहेर ज्यूंची एक वसाहत उभी राहिली होती, ‘नवं जेरुसलेम’ नावाची. दोनच वर्षांत ती उठवली गेली, माणसं हाकलली गेली. रस्त्याला मात्र नाव चिकटलं. पुढे त्याच शहरात ज्यूंची संख्या वाढत गेली आणि १९३९ मध्ये ती साडेतीन लाखांहून अधिक झाली. शहराच्या लोकसंख्येचा जवळजवळ तिसरा हिस्सा. महायुद्धानंतर त्यातलं जवळपास कुणीच उरलं नाही. रोज हजारो माणसं त्या रस्त्यावरून ट्रामने जात-येत होती आणि नावाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. रायकोव्स्का २००१ मध्ये इस्रायलला जाऊन आली आणि परतल्यावर तिला हा रस्ता निराळाच दिसू लागला. जेरुसलेमच्या नावाच्या रस्त्यावर जेरुसलेमकडचं झाड हवं, इतकी साधी कल्पना. कलाकृतीचं नाव तिने ठेवलं, ‘जेरुसलेम ॲव्हेन्यूकडून सप्रेम नमस्कार’. सहलीला गेलेला माणूस पोस्टकार्डावर लिहितो तसं.

त्या झाडावर कसलाही उपदेश कोरलेला नाही. ज्यूंविषयी, युद्धाविषयी, अपराधाविषयी एक अक्षर नाही. एक अशक्य गोष्ट शहराच्या मधोमध उभी केली आणि शहर काय म्हणतं याची वाट पाहिली. शहर बोलू लागलं. कुणाला ती थट्टा वाटली, कुणाला पैशाची उधळपट्टी. पानं वाऱ्यापावसाने झिजली, बदलावी लागली, त्यासाठी पैसा उभा करताना दमछाक झाली आणि झाड वाचवायला माणसं पुढे आली. २००७ च्या उन्हाळ्यात पगारासाठी आंदोलन करणाऱ्या परिचारिकांनी पंतप्रधानांच्या कार्यालयासमोर तंबू ठोकले, तेव्हा या खजुराच्या डोक्यावर परिचारिकेची टोपी चढली. जून २०१९ मध्ये, जागतिक पर्यावरण दिनाच्या सुमारास, रायकोव्स्काने हिरवी पानं काढून त्या जागी वाळलेली, करपलेली पानं लावली. सतरा वर्षं प्लास्टिकचं म्हणून ठाऊक असलेलं झाड ‘मेलं’ आणि जाणारे-येणारे थबकले. जे कधी जिवंतच नव्हतं त्याच्या मरणाने माणसं अस्वस्थ झाली.

एक काहीतरी करायचं, मग थांबायचं, समोरच्याला उत्तर देऊ द्यायचं. मला १९८९ नंतरच्या पोलिश कलेचा गाभा या रीतीत दिसतो. ती कुठून आली हे शोधायला गेलं की आपण वॉर्साच्या कला अकादमीतल्या शिल्पकलेच्या एका वर्गात जाऊन पोचतो. तिथे जाण्याआधी पोलंडच्या कलावंतांचं ऐंशीच्या दशकात काय झालं होतं, ते थोडक्यात पाहावं लागेल.

१३ डिसेंबर १९८१ रोजी पोलंडमध्ये मार्शल लॉ लागला. सॉलिडॅरिटी या स्वतंत्र कामगार चळवळीचे कार्यकर्ते तुरुंगात गेले. बहुसंख्य नामवंत कलावंतांनी सरकारी दालनांवर बहिष्कार घातला आणि प्रदर्शनं भरू लागली ती चर्चमध्ये, कुणाच्या फ्लॅटमध्ये, माळ्यावरच्या खोल्यांमध्ये. त्या वर्षांत कलावंत असणं म्हणजे विरोधात असणं. प्रेक्षकही सराईत झाले होते; चित्रातला एक तुटका क्रूस किंवा लाल रंगाचा एक डाग दिसला की त्यामागचं न बोललेलं वाक्य त्यांना कळायचं. मग ४ जून १९८९ च्या निवडणुका आल्या. सेनेटच्या १०० पैकी ९९ जागा सॉलिडॅरिटीने जिंकल्या. पुढच्याच वर्षी सेन्सॉरचं खातं कायद्याने बंद झालं. १ जानेवारी १९९० पासून अर्थव्यवस्था एका झटक्यात बाजाराच्या हाती गेली. दुकानं मालाने भरली, कारखाने ओस पडू लागले, आणि ज्या देशात बेकारी हा शब्दच कागदोपत्री नव्हता तिथे बेकारांच्या रांगा लागल्या. कलावंतांना पहिल्यांदाच काहीही म्हणायची मोकळीक मिळाली, त्याच वेळी ज्याच्याविरुद्ध बोलायचं तो मात्र नाहीसा झाला. आता कुणाशी बोलायचं? आणि कशाबद्दल?

उत्तर शोधणाऱ्यांपैकी विलक्षण मोठी संख्या एकाच शिक्षकाच्या हाताखालून गेलेली आहे. त्यांचं नाव ग्झेगोश कोवाल्स्की. कोवाल्स्की हे वास्तुविशारद ऑस्कर हान्सेन यांच्या तालमीत तयार झालेले. हान्सेन यांनी १९५९ मध्ये नेदरलंड्समधल्या ऑटर्लो इथे जगभरच्या आधुनिक वास्तुविशारदांच्या परिषदेत ‘खुल्या आकारा’चा विचार मांडला होता. त्यांचं म्हणणं असं की, कलावंताने पूर्ण झालेली, मिटलेली वस्तू लोकांपुढे ठेवू नये. त्याने फक्त एक पार्श्वभूमी तयार करावी. तिच्यावर माणसांचं रोजचं जगणं उठून दिसावं आणि बाकीचं काम माणसांनी करावं. समाजवादी व्यवस्थेत जन्मलेला हा विचार, पण त्या व्यवस्थेला तो पेलला नाही, कारण तिथे प्रत्येक गोष्टीचा शेवट वरूनच ठरलेला असायचा.

कोवाल्स्कींनी हा विचार वर्गात आणला आणि त्याचा एक खेळ केला. नाव, ‘सामाईक जागा, खासगी जागा’. नियम मोजके. प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतःची एक जागा, आणि मध्ये सगळ्यांची मिळून एक. बोलायचं नाही. एकाने काहीतरी करायचं: एखादी वस्तू ठेवायची, हालचाल करायची, रेघ ओढायची, अंगावरचं काही काढायचं. दुसऱ्याने त्याला कृतीनेच उत्तर द्यायचं. मग तिसऱ्याने. कुणी काय करायचं हे ठरलेलं नाही, शेवट कसा व्हायचा हेही नाही. शिक्षकही खेळात सामील. कधी सगळं कोमल होऊन जायचं, कधी कुणीतरी दुसऱ्याची वस्तू मोडायचं, कधी चक्क आग लागायची. हे सगळं चित्रित होत असे. शिल्पकलेच्या वर्गात माती आणि प्लास्टर यांच्या बरोबरीने एक तिसरी सामग्री आली: समोरचा माणूस आणि त्याला आपल्याविषयी काय वाटतं ते. या वर्गातून नव्वदीच्या दशकात तिघं बाहेर पडली आणि तिघांनीही युरोपच्या कलाविश्वाला हलवलं. काताझिना कोझिरा, पावेऊ आल्टहामेर आणि आर्तुर झ्मियेव्स्की.

कोझिराने १९९३ मध्ये पदविकेसाठी ‘प्राण्यांचा पिरॅमिड’ केला. ग्रिम बंधूंच्या गोष्टीत ब्रेमेनच्या वाटेवर निघालेले चार प्राणी एकमेकांच्या पाठीवर चढतात. तसा पेंढा भरलेला घोडा, त्यावर कुत्रा, त्यावर मांजर आणि सगळ्यात वर कोंबडा. शेजारी एक चित्रफीत सुरू असायची. घोड्याला मारून त्याचं कातडं कसं सोललं, ते तिच्यात दिसायचं. संतापाचा स्फोट झाला. वर्तमानपत्रांत पत्रांचा पाऊस पडला, विद्यार्थिनीला आणि तिच्या शिक्षकांना धारेवर धरलं गेलं. खाटीकखान्यात रोज घडणारी गोष्ट तिने झाकली नाही, एवढाच तिचा गुन्हा, असं तिच्या बाजूने म्हणता येतं. मला ते पुरेसं वाटत नाही. एक जीव कलाकृतीसाठी निवडून मारला, ही गोष्ट तशीच राहते आणि ती राहावी. पण ज्या बाईने हे केलं ती त्याच काळात कर्करोगाशी झुंजत होती. मृत्यू कसा दिसतो हा तिच्यासाठी पुस्तकी प्रश्न नव्हता. १९९६ च्या ‘ऑलिंपिया’ या मालिकेत केस गळालेली कोझिरा फ्रेंच चित्रकार माने याच्या सुप्रसिद्ध नग्नचित्रातल्या स्त्रीसारखी आडवी पडली आहे, हाताला सलाइनची नळी लावलेली. ती आपल्याकडे रोखून बघते आणि नजर आपल्यालाच वळवावी लागते.

आल्टहामेरची वाट वेगळी. १९९३ मध्येच पदविकेसाठी त्याने गवत, ताग, प्राण्याचं आतडं, मेण आणि केस यांतून स्वतःचाच आदमकद पुतळा केला, तो परीक्षकांसमोर ठेवला आणि स्वतः निघून गेला. परीक्षकांना चित्रफितीत दिसलं, की हा तरुण अकादमीतून बाहेर पडतो, रानात पोचतो, कपडे उतरवतो आणि झाडांमध्ये मिसळून जातो. एवढ्यावर तो थांबला असता तर एक हुशार विद्यार्थी म्हणून लक्षात राहिला असता. पण तो रानातून परत आला आणि आपल्या वस्तीत राहायला लागला.

वस्तीचं नाव ब्रुद्नो. विस्तुला नदीच्या उजव्या तीरावर, वॉर्साच्या मध्यापासून दूर, कम्युनिस्ट काळात तयार काँक्रीटच्या पट्ट्या जोडून उभारलेल्या ब्लॉकांची वसाहत. हजारो सारख्या खिडक्या. आल्टहामेर तिथेच, अशाच एका ब्लॉकमध्ये राहायचा. नवं सहस्रक उजाडत होतं तेव्हा त्याने शेजाऱ्यांची दारं ठोठावायला सुरुवात केली. विनंती अशी: २७ फेब्रुवारीच्या संध्याकाळी ठरलेल्या वेळी तुमच्या या खोलीतला दिवा लावा, त्या खोलीतला मालवा. सुमारे दोनशे कुटुंबांना हे समजवायचं होतं. कुणाला भलतीच शंका, कुणाला वेळ नाही, कुणाचं खालच्या मजल्याशी वर्षानुवर्षं बोलणं नाही. दारोदार जाणं, चहा घेणं, तक्रारी ऐकणं, पुन्हा जाणं. ठरल्या संध्याकाळी त्या काळ्या भिंतीवर पेटलेल्या आणि विझलेल्या खिडक्यांतून ‘२०००’ हा आकडा उमटला. खाली गर्दी जमली होती. अर्ध्या तासाचा सोहळा, मग सगळे आपापल्या घरी.

आकडा उमटणं ही फारशी मोठी गोष्ट नाही, कुठल्याही शहराची वीज कंपनी ते करू शकेल. पण त्या आकड्यातला प्रत्येक ठिपका म्हणजे एक माणूस होता, ज्याने ‘हो’ म्हटलं होतं. चाळीस वर्षं ज्या देशात सामूहिक कामाचा हुकूम निघायचा, तिथे दोनशे घरांनी हुकमाशिवाय एकत्र काहीतरी केलं. त्याच ब्लॉकमध्ये, ज्याचा आकारच माणसांना सारखं करण्यासाठी ठरवलेला होता. यातलं सौंदर्य मला दर वेळी नव्याने उमगतं.

पुढे ४ जून २००९ रोजी, त्या ऐतिहासिक निवडणुकीला बरोबर वीस वर्षं झाली त्या दिवशी, आल्टहामेरने दीडशेच्या आसपास शेजाऱ्यांना सोनेरी पोशाख चढवले आणि सोनेरी रंगवलेल्या विमानातून त्यांना ब्रसेल्सला नेलं. परग्रहावरून उतरल्यासारखी ही माणसं युरोपच्या राजधानीत अटोमियमच्या चकचकीत गोळ्यांखाली फिरली. त्यातले अनेक जण विमानात पहिल्यांदाच बसले असतील. युरोपात सामील होणं म्हणजे काय, यावर पोलंडमध्ये ढीगभर लेख लिहिले गेले. ब्रुद्नोच्या रहिवाशांनी ते स्वतः जाऊन पाहिलं. आणि हाच आल्टहामेर नव्वदीच्या दशकापासून वॉर्सातल्या मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या रुग्णांबरोबर नेमाने मातीकाम करत आला आहे. त्या गटाची शिल्पं मोठमोठ्या प्रदर्शनांत गेली आहेत, गटाच्या नावाने.

तिसरा झ्मियेव्स्की. त्याच्याविषयी लिहिताना माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं. २००१ मध्ये त्याने वॉर्साच्या एका प्रोटेस्टंट चर्चमध्ये कर्णबधिर मुलांचा गायनवर्ग उभा केला. गायचं होतं पोलिश संगीतकार यान माक्लाकिएविच याच्या प्रार्थनासंगीतातलं ‘किरिए’. ऑर्गन सुरू होतो, एक मुलगी पुढे येते आणि गाते. तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. सूर नाहीत, आहेत ते फुटलेले, खरखरीत, कुठेही जाणारे उच्चार, आणि त्यामागची पूर्ण ताकद. चर्चचा घुमट तो आवाज सुरेल गाण्याइतक्याच निष्ठेने वाढवून परत पाठवतो. मागची मुलं एकमेकांशी खुणांनी गप्पा मारतायत, हसतायत. पुढे लायप्झिगमध्ये सेंट थॉमस चर्चमध्ये, जिथे बाख सत्तावीस वर्षं संगीत सांभाळत होता आणि जिथे त्याची समाधी आहे, तिथे जर्मन कर्णबधिर मुलांनी बाखचं संगीत गायलं. हे पाहताना पहिल्यांदा अवघडायला होतं, मग आपल्या अवघडण्याचीच लाज वाटते. संगीतावर हक्क कुणाचा? ‘चांगलं’ गाणाऱ्यांचाच का? देवाला ऐकू येणाऱ्या प्रार्थनेत सुराचा हिशोब असतो का? झ्मियेव्स्की यातला एकही प्रश्न विचारत नाही. तो फक्त ऑर्गन सुरू करतो.

पण २००४ ची ‘८००६४’ ही चित्रफीत मला स्वीकारता येत नाही. युझेफ तार्नावा हे ९२ वर्षांचे गृहस्थ ऑश्वित्झमधून वाचलेले. छावणीत हातावर गोंदलेला त्यांचा क्रमांक काळाने फिका झाला होता. झ्मियेव्स्की त्यांना गोंदण करणाऱ्याच्या दुकानात नेतो आणि तो क्रमांक पुन्हा ठळक करून घ्यायला लावतो. तार्नावा आधी हो म्हणतात, मग कचरतात. नको म्हणतात. कलावंत समजूत घालत राहतो आणि शेवटी ते हात पुढे करतात. आज्ञा पाळण्याची छावणीतली सवय किती खोल रुजते, हे दाखवायचं होतं असं मानलं, तरी ते दाखवण्यासाठी एका वृद्धाकडून पुन्हा आज्ञा पाळून घेतली गेली. समोरच्याने दिलेलं उत्तर स्वीकारायचं, हा कोवाल्स्कींच्या वर्गातला मूळ नियम होता. इथे ते ‘नको’ कुणी ऐकलं नाही.

हा भूतकाळ पोलंडच्या कलेत सगळीकडे आहे, आणि तो सगळ्यात शांतपणे हाताळला मिरोस्वाफ बाऊकाने. तो कोवाल्स्कींच्या वर्गातला नव्हे. १९५८ चा जन्म, घर वॉर्साजवळच्या ओत्व्होत्स्क गावात. आजोबा थडग्यांचे दगड घडवायचे, वडील त्यांवर नावं कोरायचे. त्याच लहानशा घरात त्याने आपला स्टुडिओ केला. ओत्व्होत्स्क पाइनच्या रानातलं हवापालटाचं गाव होतं, युद्धापूर्वी तिथे ज्यूंची मोठी वस्ती होती. ऑगस्ट १९४२ मध्ये हजारोंना मालगाड्यांत कोंबून त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेलं आणि मारलं. बाऊका लहानाचा मोठा झाला तो त्याच रस्त्यांवर, आणि तिथे पूर्वी कोण राहत होतं याविषयी गावात फारसं कुणी बोलत नसे. त्याची सामग्री पाहा: राख, मीठ, साबण, जुनं लिनोलियम, गंजलेलं लोखंड. कलाकृतींना नावं बहुतेकदा नसतातच, असतात ती सेंटिमीटरमधली मापं, पुष्कळदा त्याच्या स्वतःच्या शरीराशी जुळणारी. १९९३ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्याने पोलंडच्या दालनात साबणाने माखलेला बोळ केला. आत शिरणाऱ्याला आधी आईच्या हातची आंघोळ आठवे, आणि क्षणभराने दुसरं काहीतरी.

२००९ च्या ऑक्टोबरात लंडनच्या टेट मॉडर्नच्या भव्य दालनात त्याने पोलादाचं एक खोकं उभं केलं. ३० मीटर लांब, १३ मीटर उंच, दोन मीटर उंचीच्या खांबांवर तोललेलं. मागच्या बाजूने चढण होती, मालवाहू ट्रकला असते तशी. तिच्यावरून चढून आत जायचं. आत काळोख. भिंतींना काळं मखमली अस्तर. चार पावलांनंतर स्वतःचा हात दिसेनासा होतो. इतर माणसं आहेत हे फक्त श्वासांवरून आणि पावलांच्या आवाजावरून कळतं. पुढे भिंत आहे की कडा, ठाऊक नाही. माणसं हात पुढे करून, पाय घासत चालायची. शेवटी बोटं मखमलीला टेकायची, मग मागे वळायचं, आणि उजेडाच्या चौकटीत आत येणाऱ्यांच्या काळ्या आकृती दिसायच्या. मालगाडीच्या डब्याविषयी एक शब्दही न उच्चारता बाऊकाने माणसांना आपल्या पायांनी तिथवर चालत नेलं. आणि तिथे जे व्हायचं ते प्रत्येकाच्या आपल्याच आतून व्हायचं, कारण त्या खोक्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं.

झ्बिग्न्येव लिबेराने उलट केलं, सगळं लख्ख उजेडात मांडलं. १९९६ मध्ये त्याने लेगोच्या विटा वापरून छळछावणीचा संच तयार केला: बराकी, पहारेकरी, दाहगृह, आणि खेळण्याच्या दुकानात दिसतात तशीच चित्रांची सात खोकी. विटा कंपनीने दिल्या होत्या, काय होणार आहे हे माहीत नसताना. कंपनी हादरली. पुढच्या वर्षी व्हेनिसला पोलंडच्या दालनात तो संच नको असं त्याला सांगण्यात आलं आणि त्याने माघार घेतली. मुलांच्या खोलीतल्या शिस्तबद्ध, एकात एक बसणाऱ्या तुकड्यांतून छावणीही तितकीच नीट बसते, हे एकदा पाहिलं की विसरता येत नाही. आज तो संच वॉर्साच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या मालकीचा आहे.

चित्रकारही होते. क्राकोव्हच्या अकादमीतल्या तरुणांनी ‘वाद्निए’ नावाचा गट केला; त्यातला विल्हेल्म सास्नाल पुढे जगभर पोचला, २००६ मध्ये त्याला युरोपचा व्हिन्सेंट पुरस्कार मिळाला. सास्नालची चित्रं वरवर कोरडी वाटतात. टार्नुफमधले कारखाने, कॅसेटची कव्हरं, मित्रांचे चेहरे. पण सपाट रंगाखाली काहीतरी दडपलंय असं वाटत राहतं. त्याच्याविषयी कधीतरी स्वतंत्रपणे लिहायला हवं.

समाजाला सामग्री मानलं, की समाज उत्तर देतो आणि ते गोड असेलच असं नाही. वॉर्साच्या झाखेंता या राष्ट्रीय कलादालनाला २००० मध्ये शंभर वर्षं झाली. संचालिका आंदा रॉटेनबर्ग यांनी मोठं प्रदर्शन भरवलं. त्यात इटलीच्या माउरित्सिओ कात्तेलानचं शिल्प होतं: उल्केखाली दबलेले पोप जॉन पॉल दुसरे, म्हणजे पोलंडचे लाडके सुपुत्र. डिसेंबरात दोन खासदार दालनात शिरले आणि त्यांनी पोपच्या अंगावरचा तो दगड उचलून बाजूला केला. पुतळ्याला उभं करायचाही प्रयत्न केला. काही महिन्यांत रॉटेनबर्ग यांनी पद सोडलं. निषेध म्हणून ती कृती केली गेली, पण मी तिच्याकडे पाहतो तेव्हा मला दोन प्रौढ माणसं दिसतात, ज्यांना मेणाच्या माणसाचं दुःख सहन झालं नाही. कात्तेलानला याहून खरा प्रेक्षक मिळाला नसता.

दोरोता न्येझ्नाल्स्काची किंमत फार मोठी होती. ग्दान्स्कच्या एका छोट्या दालनात तिने ‘पॅशन’ नावाची कलाकृती मांडली: धातूच्या क्रूसावर पुरुषाच्या जननेंद्रियाचं छायाचित्र, आणि सोबत व्यायामशाळेत घाम गाळणाऱ्या पुरुषाची चित्रफीत. पुरुषपणाचा देव करून त्यापायी देह छळणाऱ्यांविषयीचं हे काम. धार्मिक भावना दुखावल्याच्या कलमाखाली खटला भरला गेला आणि २००३ मध्ये तिला सहा महिने समाजसेवेची शिक्षा झाली. तिशीतल्या तरुण कलावतीची उमेदीची वर्षं कोर्टाच्या पायऱ्यांवर गेली. २००९ मध्ये ती निर्दोष सुटली, २०१० मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल कायम केला. सेन्सॉरचं खातं बंद झाल्यानंतर वीस वर्षांनी.

आणि युलिता वुयचिकचं इंद्रधनुष्य. २००१ मध्ये झाखेंताच्या दालनात स्टुलावर बसून बटाटे सोलणारी म्हणून तिची ओळख झाली होती. उच्च कलेच्या संगमरवरी खोलीत घरातल्या बाईचं काम. २०११ मध्ये पोलंडकडे युरोपीय संघाच्या परिषदेचं अध्यक्षपद असताना तिने ब्रसेल्समध्ये कृत्रिम फुलांची कमान उभारली आणि २०१२ मध्ये ती वॉर्साच्या तारणहार चौकात, एका चर्चसमोर आली. प्रेमाची, शांतीची साधी खूण, असं तिचं म्हणणं. पण इंद्रधनुष्याचा अर्थ आता कुणाच्या एकट्याच्या हातात राहिलेला नव्हता. ते पुन्हा पुन्हा पेटवलं गेलं. ११ नोव्हेंबर २०१३ रोजी, स्वातंत्र्यदिनाच्या मोर्चात, ते धडाडून जळालं. दर वेळी माणसं येऊन जळक्या सांगाड्यात फुलं खोचायची. ऑगस्ट २०१५ मध्ये ते उतरवण्यात आलं. जाळणारे आणि फुलं लावणारे एकमेकांशी कधी बोलले नाहीत. तीन वर्षं ते कृतीनेच एकमेकांना उत्तर देत राहिले, कोवाल्स्कींच्या वर्गातल्या मुलांसारखे, पण तिथला भरवसा इथे नव्हता.

२५ ऑक्टोबर २०२४ रोजी वॉर्साच्या आधुनिक कला संग्रहालयाची नवी इमारत खुली झाली. संग्रहालय २००५ पासून होतं, पण स्वतःचं घर नव्हतं. काही वर्षं ते फर्निचरच्या एका जुन्या दुकानात चाललं. नवी इमारत स्टॅलिनच्या काळात सोव्हिएत संघाने भेट दिलेल्या संस्कृती-प्रासादाच्या पायथ्याशी, जिथे संचलनं व्हायची त्या मैदानावर आहे. पण एवढ्या लांब जाण्याची गरज नाही. या संग्रहालयाने पोलिश कलावंतांच्या शेकडो चित्रफितींचा संग्रह इंटरनेटवर कुणालाही मोफत पाहता येईल असा ठेवला आहे. भाषा येत नाही म्हणून अडणार नाही, कारण त्यातल्या पुष्कळ कामांत कुणी बोलतच नाही. एखाद्या संध्याकाळी तो उघडा, घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवून पाहा, आणि पाहून झाल्यावर आधी त्यांना काय वाटलं ते विचारा.